छाट न्हाय

मांडीवर सूप असल्याशिवाय अक्कांना गोष्ट येत नसे. सूप म्हणजे आपलं धान्य पाखडायचं साधं सूप. त्यात बिडीची कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ आणि एक बारकी कात्री. हात पान वळायला लागले की तोंड आपोआप सुरू व्हायचं, आणि हात थांबले की राजा, राणी, राक्षस सगळे जागच्या जागी थांबायचे. सोलापुरात बिड्या वळणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांच्या डोळ्यांपुढे ते हात लगेच येतील. मी मूळची केम गावची, शेतकऱ्याची मुलगी. मला हे सगळं नवीन होतं, आणि नसत्या चौकशा करायचा माझा स्वभाव.

शुक्रवार पेठेतल्या एका छोट्या वाचनालयात मी काम करते. शाळांना दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी लागली की आम्ही वरच्या हॉलमध्ये दुपारी एक ते दोन फुकट कार्यक्रम ठेवतो. कलाकार सगळे गावातलेच. लग्नाच्या बँडमधले क्लॅरोनेटवाले येतात, रिक्षा चालवणारे एक चाचा दखनी उर्दूत किस्से सांगतात. ऐकायला सुट्टीतली पोरं आणि आसपासच्या दुकानांतली माणसं. ती डबे घेऊनच येतात, त्यामुळे आमच्याकडे गाणं रंगात आलं तरी कडक भाकरी मोडल्याचा आवाज येतच असतो.

अक्का मला जवळच्याच एका बोळात सापडल्या. दारात पाच-सहा बायका बिड्या वळत बसल्या होत्या आणि मधली वयस्क बाई गोष्ट सांगत होती, अर्धी मराठीत, अर्धी तेलुगूत. मला तेलुगूचं अक्षर कळत नाही, तरी भाजीची पिशवी घेऊन मी अर्धा तास उभी राहिले. शेवटी त्यांनीच वर बघितलं. "काय की अम्मा, पाय दुखंना का तुजं? बस की हितं." त्या लहानथोर सगळ्या बायकांना अम्मा म्हणत, आणि सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणे.

मी त्यांना कार्यक्रमाला बोलावलं आणि तिथे माझी चूक झाली. मोठ्या थाटात खुर्ची मांडली, माईक लावला, गळ्यात हार घातला. अक्का खुर्चीवर बसल्या आणि बसूनच राहिल्या. एक मिनिट गेलं, दोन गेली. पोरं खुसखुसायला लागली. अक्का पदराचं टोक बोटांत गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. मग माईकमधूनच म्हणाल्या, "सूप घरी ऱ्हायलं की!" आणि हारासकट उठून चालत्या झाल्या. क्लॅरोनेटवाल्यांनी तेवढी वेळ निभावून नेली. अक्का सूप घेऊन आल्या, खुर्ची बाजूला सारून खाली बसल्या, आणि दोन वाजले तरी लोक उठेनात.

आमचे अध्यक्ष निवृत्त शिक्षक. वाचनालयात तंबाखू चालणार नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. मग आम्ही पानात ज्वारीचा कोंडा भरायचं ठरवलं. ठरवताना फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी एक बाई तावातावाने जिना चढून आली, मुठीत तीन बिड्या. "वाचनालयात पोरांना बिड्या वाटता व्हय? लाज हाय का?" पोरांनी गोष्टीची आठवण म्हणून त्या खिशात घालून घरी नेल्या होत्या. अक्का हात न थांबवता म्हणाल्या, "फोडून बघ की. कोंडा हाय. म्हशीला घाल, दूध देतीय." बाईने एक बिडी उलगडली, हुंगली, आणि तिथेच मांडी घालून बसली. पुढे ती रोज यायला लागली.

अक्कांचा एक शब्द होता, छाट. कारखान्यात तपासणारा माणूस कच्च्या बिड्या बाजूला काढतो, त्या छाट. अक्का गोष्टीलाही तोच नियम लावत. राक्षस चुकून आधी मेला, राजपुत्राचा घोडा विसरला, की "छाट!" म्हणून हातातली बिडी सोडत आणि तिथून पुन्हा सुरुवात करत. चांगलं मात्र कशालाच म्हणत नसत. क्लॅरोनेटवाल्यांना एकदा टाळ्यांवर टाळ्या पडल्या. त्यांनी मोठ्या आशेने अक्कांकडे बघितलं, तर अक्का म्हणाल्या, "छाट न्हाय." ते बिचारे तोंड पाडून बसले. त्यापेक्षा मोठी शाबासकी अक्कांकडे नाही, हे मी त्यांना समजावलं.

गेल्या उन्हाळी सुट्टीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी धोट्याची गोष्ट काढली. धोटा म्हणजे मागावर दोरा घेऊन इकडून तिकडे पळणारा लाकडाचा तुकडा. एका विणकराचा धोटा एके दुपारी माग सोडून पळाला, वेशीबाहेर गेला आणि एका विहिरीत उतरला. विणकर काठावर उभा राहिला आणि दोन वाजले. "ऱ्हायलेलं दिवाळीला," म्हणून अक्कांनी सूप आवरलं.

श्रावणात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीभ वाचली, उजवा हात गेला. मी भेटायला गेले आणि स्वभावाप्रमाणे विचारून बसले, "अक्का, धोट्याचं पुढे काय झालं?"

त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. "हिरीत गेला... मंग..." डोळे भरून आले. "न्हाय येत अम्मा. हातात व्हती ती गोष्ट, हातच मेला. सासूनं दिल्ती मला. आता माज्याबरबर जाती की."

शेजारणींना विचारलं. ही गोष्ट त्यांनी ऐकलेलीच नव्हती. रात्रभर मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी वाचनालय सुटल्यावर मी अक्कांपुढे जाऊन बसले आणि सूप मांडीवर ओढलं. "मला वळायला शिकवा."

दिवाळीपर्यंत रोज शिकले. माझ्या बिड्या एका टोकाला फुगायच्या, दुसऱ्या टोकाला सुटायच्या. अक्का डाव्या हाताने चिमटीत धरून बघत आणि एकेक बाजूला टाकत. "छाट. ही बी छाट. तुज्या हातची भाकरी नवऱ्यानं तरी कशी खाल्ली गं?" शिव्या देण्यात इतक्या गुंतत, की गोष्ट काही यायची नाही.

दिवाळीच्या सुट्टीत रिक्षावाल्या चाचांनी त्यांना उचलून वर आणलं. हॉल भरला होता. त्या भिंतीला टेकून बसल्या, शेजारी मी, सूप माझ्या मांडीवर. पहिली बिडी वळून झाली, अक्का गप्प. दुसरी झाली, गप्प. डबे उघडायचेही थांबले होते. तिसरं पान उचललं तेव्हा अक्कांची नजर माझ्या बोटांवर खिळली, ओठ हलले. "हिरीच्या तळाला," त्या म्हणाल्या, "गावात तुटलेले समदे दोरे पडले व्हते."

मग गोष्ट चालू लागली. माझ्या हाताच्या वेगाने, म्हणजे अगदी हळू. धोटा एकेका तुटलेल्या दोऱ्याला दुसरा दोरा बांधत वर चढू लागला. मध्येच माझ्या हातून रीळ सुटलं. "छाट! परत," अक्का गरजल्या आणि बिचाऱ्या धोट्याला पुन्हा तळापासून चढावं लागलं. लोक हसले. मीही हसले, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. शेवटी विणकराने त्या दोऱ्याचं कापड विणलं. "गाठीच गाठी त्यात," अक्का म्हणाल्या. "पर कदी फाटलं न्हाय." मी दोरा बांधला. ती बिडी त्यांनी डाव्या हातात घेतली, दाबून पाहिली, पानाचा आवाज ऐकायला कानाशी नेऊन फिरवली.

"छाट न्हाय."

त्याच थंडीत अक्का गेल्या. त्यांच्या सुनेने सूप वाचनालयात आणून दिलं.

या उन्हाळ्यात धोट्याची गोष्ट मीच सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पोरांनी कोंड्याच्या बिड्यांसाठी झुंबड केली. पण त्याआधी, विणकर वेशीपाशी पोचला तेव्हा माझं एक वाक्य चुकलं. मी थांबले, हातातलं पान सैल धरलं आणि शेजारी, अक्का टेकून बसल्या होत्या त्या भिंतीकडे बघितलं. मग मीच म्हणाले, "छाट," आणि पान उलगडून पुन्हा वळायला घेतलं.