लाटणं कुठे थांबतं

त्या दिवशी सकाळी मी बुऱ्हाणपूरच्या इतवारा बाजारात मेथीच्या जुड्या निवडत होतो, तेवढ्यात दिगंबरचा फोन आला. म्हणजे नंबर त्याचा होता, आवाज त्याच्या बायकोचा, मालतीवहिनींचा. आता दिगंबर पाटणकर हा माणूस चाळीस वर्षं लोकांचे आवाज काढून पोट धरून हसायला लावणारा. मला त्यानं वीज कचेरीतला साहेब बनून फोन केले होते, खकनारचा हरवलेला मामेभाऊ बनून केले होते, एकदा तर माझ्याच शाळेचा मुख्याध्यापक बनून माझी बदली केली होती. तेव्हा मी जुडी खाली न ठेवताच म्हणालो, ‘पुरे कर भो, वहिनींचा आवाज तुला कधी जमला नाही.’ पलीकडून त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, मीच बोलून राहिली. हे गेले.’

आज दोन महिने होत आले. त्या वाक्याची लाज अजून गेलेली नाही. पण ही गोष्ट दिगंबरला कळली असती तर त्यानं ती पुढच्या पुस्तकात पहिल्याच पानावर घातली असती, आणि मला अजून थोडा मूर्ख करून घातली असती, याचीही खात्री आहे.

आम्ही एका बाकावरचे. पुढे मी मास्तर झालो, तो कचेरीत कारकून झाला, पण खरा तो गणपतीच्या मांडवातला. शाहपुरात केळीच्या लिलावाची नक्कल करायला उभा राहिला की खरे व्यापारी पुढच्या रांगेत बसून बोली लावायचे. लग्नात वरमाय रुसली तर नवरीकडचे आधी दिगंबरला शोधायचे. पन्नाशी उलटली आणि घसा बसला. डॉक्टरांनी सांगितलं, खोलीत बोला, मांडवात नको. महिनाभर तो तोंड पाडून हिंडला. मग एके दिवशी वह्यांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला की आता आपण लेखक.

पहिलं पुस्तक, ‘माइक चालू आहे का’, हे आमच्या दोघांच्या अकलेचं स्मारक आहे. कार्यक्रमाच्या वहीत जिथे लोक हसणार तिथे तो कंसात ‘थांबा’ असं लिहून ठेवायचा, म्हणजे हशा ओसरेपर्यंत पुढचं वाक्य बोलायचं नाही. पुस्तक लिहितानाही हात त्याच सवयीनं चालला. छापखान्यातल्या माणसानं इमानेइतबारे सगळे ‘थांबा’ छापले. प्रूफं मी तपासली होती. मला वाटलं, ही काहीतरी नवी शैली असेल, साहित्यात हल्ली काय चालतं आपल्याला काय ठाऊक! पुस्तक हातात आलं तेव्हा पानोपानी ‘थांबा’. दिगंबर आधी माझ्यावर भडकला, मग स्वतःवर, आणि शेवटी दोघंही जिन्यात बसून पोट धरून हसलो.

पण शाहपुरच्या वाचनालयात त्याचा सत्कार झाला तेव्हा मात्र त्याचं हसू मावळलं. केळीवाला एक शेतकरी उठला, पुस्तक त्यानं नीट वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं होतं. अगदी भाबडेपणानं म्हणाला, ‘भाऊ, तुम्ही थांबा म्हटलं तिथं मी थांबलो. घरवालीला बी थांबवलं. पण हसू काई आलं नाई.’ सभा खदखदून हसली. दिगंबरही हसला, पण परतताना बसमध्ये बुऱ्हाणपूर येईपर्यंत स्वतःच्या प्रतीतला एकेक ‘थांबा’ खोडत होता. उतरताना एवढंच म्हणाला, ‘भो मास्तर, हसू मांगून नाई भेटत.’

तेव्हापासून रविवारची बैठक सुरू झाली. सकाळी दहाला मी त्याच्या माडीवर जायचं, मावा जलेबी खायची आणि त्यानं आठवड्यात लिहिलेलं ऐकायचं. बसक्या आवाजात तो वाचायचा, हातात पेन्सिल. मी हसलो की समासात उभी रेघ. पलीकडे स्वयंपाकघरात वहिनी पोळ्या लाटत असायच्या, दार अर्धं लोटलेलं. मी मनापासून हसायचो, कधी जलेबीला जागून जरा जास्तही हसायचो. पुढची दोन पुस्तकं लोकांनी खरोखर उचलून धरली. त्याच्या यशात माझ्या हसण्याचा मोठा वाटा आहे असं मी चारचौघांत सांगतही असे, आणि तो ते सांगू देत असे.

पंधरा दिवसांपूर्वी वहिनींनी बोलावलं. चौथ्या पुस्तकाची वही पुढे ठेवली. शेवटची तीन प्रकरणं वाचून दाखवायची राहून गेली होती, आणि ऐकवल्याशिवाय दिगंबर एक ओळ छापायला द्यायचा नाही. प्रकाशकाला काय कळवायचं ते मी ठरवावं, असं त्यांचं म्हणणं. वही चाळताना मला समासात माझ्या रेघा दिसल्या आणि काही ठिकाणी छोटे गोलही. गंमत अशी की रेघांनी भरलेली अख्खीच्या अख्खी पानं त्यानं काट मारून टाकली होती. जिथे गोल होता ते मात्र सगळं राखलेलं. मी वहिनींना विचारलं, हे गोल कसले? त्या पदर सारखा करत म्हणाल्या, ‘माझं लाटणं थांबलं की ते गोल काढायचे. तुम्ही तर कशावर बी हसता, भाऊजी.’

इतक्या वर्षांचा साहित्यिक मोठेपणा एका वाक्यात पोळपाटाखाली गेला. जरा सावरून विचारलं की कधी त्याचं मन राखायला मुद्दाम लाटणं थांबवलंत का. त्या म्हणाल्या, एकदाही नाही, त्यांना लगेच समजलं असतं.

मग ठरलं की रविवारी नेहमीसारखंच करायचं. मी त्याच्या खुर्चीत बसलो. जलेबी समोर होती, खाववली नाही. दार अर्धं लोटलं, लाटण्याचा आवाज सुरू झाला. पहिलं प्रकरण वाचलं... लाटणं चालूच. दुसरं वाचलं, तेही चालूच. आपण वाईट वाचतोय की मित्रानं शेवटी वाईट लिहिलंय, कळेना, आणि ही तीन प्रकरणं गेली तर पुस्तक लंगडं, हे मात्र स्वच्छ दिसत होतं. तिसरं प्रकरण त्याच्या घरच्या फजितीचं होतं. साऱ्या जिल्ह्याचे आवाज काढणाऱ्याला बायकोचा आवाज का जमत नाही? तर, त्यानं लिहिलं होतं, ‘नक्कल करायला समोरचा माणूस चुकावा लागतो. ही आजवर एकदाच चुकली, मला हो म्हणाली तेव्हा, आणि तेव्हा मी ऐकण्याच्या अवस्थेत नव्हतो.’

त्यापुढे कंसात, शाहपुरच्या त्या सभेनंतर प्रथमच, एक शब्द होता. थांबा.

मी थांबलो. स्वयंपाकघरातलं लाटणंही थांबलं होतं. मग वहिनी हसल्या... आधी दबून, मग मोकळ्या. मी पेन्सिल उचलून समासात गोल काढला. गोल वाकडाच आला. आतून पोळी करपल्याचा वास येऊ लागला, तरी आमच्या दोघांपैकी कुणीच उठलं नाही.