आधी वापरून बघू

शेवगाव तालुक्यातल्या एका शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाचं उद्घाटन होतं. हलगी वाजत होती, फीत बांधून झाली होती, तबकात कात्री तयार होती. आमदार शालनताई गाडीतून उतरल्या, फितीखालून वाकून सरळ आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. हलगीवाला गोंधळून थांबला. सरपंच मुख्याध्यापकांकडे बघायला लागले, मुख्याध्यापक माझ्याकडे. दोन-तीन मिनिटांनी ताई बाहेर आल्या.

"कडी लागत न्हाई," त्या म्हणाल्या. "दार एका हातानं धरून बसावं लागतंय. कोन इंजिनेर हाय?"

मी हात वर केला. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात मी नुकतीच लागले होते आणि काम पूर्ण झाल्याच्या कागदावर माझीच सही होती.

"मॅडम, तुमी जा बरं आत. दार लावा."

मी गेले. ताईंनी बाहेरून एका बोटानं दार ढकललं. ते सताड उघडलं आणि समोर अख्खा गाव उभा! माझे कान गरम झाले.

"कळलं?"

"कळलं."

"मंग आज फीत न्हाई कापायची. आठ दिसांनी येते मी. आधी वापरून बघू."

आणि आठव्या दिवशी त्या खरंच आल्या. कडी लावून बघितली, मग कात्री हातात घेतली.

ताईंना जाऊन आता वर्ष होऊन गेलं. त्यांना न पाहिलेल्या माणसाला त्या कशा दिसायच्या ते सांगायचं, तर बुटक्या, काळ्यासावळ्या, अंगावर साधी सुती साडी, आणि आवाज असा की माईकवाला त्यांच्या भाषणाला आवाज कमी करायचा. आमदार व्हायच्या आधी बरीच वर्षं त्यांनी गावात अंगणवाडी चालवली होती. तिथली सवय अंगात मुरलेली. बोलणारा माणूस कितीही मोठा असो, त्याचं बोलणं चालू असताना त्यांची नजर समोरच्या पोरांच्या नखांवर असायची.

महिन्यातले निम्मे दिवस त्या दौऱ्यावर. त्या पहिल्या भेटीनंतर माझ्या भागात आल्या की त्या मला गाडीत बसवून घ्यायच्या. चारचौघांत मी 'मॅडम', गाडीत 'पोरी'. नवीन नळयोजना असली की पहिला तांब्या त्या स्वतः पिणार. एसटीच्या थांब्याची शेड बांधली की भर दुपारी तिथं जाऊन बसणार आणि ऊन डोक्यावर आलं की मला म्हणणार, "पत्रा दोन फूट पुढं पायजे हुता." एकदा आरोग्य उपकेंद्रात त्या बाळंतपणाच्या टेबलावर पाय दुमडून आडव्या झाल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "आता मला सांगा, हितून बाई खाली उतरनार कशी? उडी मारून?" दुसऱ्या दिवशी तिथं पायरी आली.

सगळं गुणगानच करते आहे असं वाटायला नको. ताई तापट होत्या. जेवणाची वेळ त्यांना कधी कळली नाही आणि बरोबरच्यांनाही कळू दिली नाही. आणि फोनवर 'हो' म्हणायची त्यांना फार घाई. गाडी खड्ड्यांतून चाललेली, तीन माणसं एकदम बोलतायत, अशात कुणी काही मागितलं की "व्हय व्हय, करू" म्हणून मोकळ्या. पूर्वेकडच्या एका गावातली अभ्यासिका अशाच एका 'व्हय'मुळे अडकली.

त्या गावची बौद्धवस्ती ओढ्यापलीकडे. तिथल्या मंदाबाई शेतमजूर. त्या चार बायकांना घेऊन ताईंकडे आल्या होत्या. पोरींना अभ्यासाला घरात जागा नाही, विहाराशेजारची मोकळी जागा आम्ही देतो, तिथं एक खोली बांधून द्या, एवढंच मागणं. ताईंनी आमदार निधीतून मंजूर केली. पुढे त्या गावच्या सरपंचांचा फोन आला : खोली गावात ग्रामपंचायतीशेजारी घ्या, म्हणजे सगळ्यांनाच उपयोग होईल. ऐकायला बरोबरच वाटत होतं. ताई व्हय म्हणाल्या. मी नवी जागा मोजली, नकाशा बदलला, फक्कीनं रेघा आखल्या.

भूमिपूजनाला पोचायला संध्याकाळ झाली. मांडवात नारळ, कुदळ, हार. ताईंनी कुदळ उचलली एवढ्यात मागून मंदाबाई उठल्या.

"ताई, खोली बांधा हितं. पर आमच्या पोरी यायच्या न्हाईत."

सरपंच पुढे झाले. भले गृहस्थ, पण आवाजात जरब. "का बरं? कोन अडवतंय? रस्ता काय आमी खोदून ठेवलाय का?"

ताईंनी कुदळ खाली ठेवली.

"मंदाबाई, तुमची पोरगी कुठंय? चला, तुमच्या घरापासून हितपत्तोर चालत येऊ. खोली न्हाई, तर वाट तरी वापरून बघू."

मंदाबाईंची प्रज्ञा बारावीला होती. गाडीनं ओढ्यापलीकडे गेलो आणि तिथून चालत निघालो. पुढे प्रज्ञा आणि तिच्या दोन मैत्रिणी दप्तरं घेऊन, मागे डोक्यावर पदर घेतलेल्या ताई आणि मी. ओढ्यापर्यंत कुणी भेटलं नाही. चौकात पारावर माणसं बसली होती, चहाच्या टपरीसमोर मोटारसायकली लावून काही तरुण उभे होते. दिवेलागणीची वेळ. मुली जवळ येताच एकानं शीळ घातली. दुसरा म्हणाला, "आल्या कलेक्टरीनबाई!" हसू फुटलं. पारावरच्या मोठ्या माणसांनी ऐकलं आणि माना दुसरीकडे वळवल्या.

ताईंनी पदर मागे सारला. हसू तिथल्या तिथं विरलं. आता त्या कडाडणार असं मला वाटलं. पण त्या नुसत्या एकेका चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग प्रज्ञाला हळू आवाजात विचारलं, "हे रोज हुतं?"

"रोज न्हाई ताई," ती म्हणाली. "आमी रोज येतच न्हाई ना."

मांडवात परतल्यावर ताईंनी माईक घेतला. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "मी फोनवर व्हय म्हनले, जागा बघितली न्हाई. खोली मंदाबाईंनी सांगितली तिथंच हुनार."

सरपंच जवळ येऊन म्हणाले, "ताई, पुढच्या साली इलेक्शन हाय. गाव नाराज हुईल."

"मतं तुमची हायत, तुमाला वाटंल त्याला द्या. खोली पोरींची हाय."

परतताना गाडीत ताई म्हणाल्या, "पोरी, तू जागा मोजली, वाट न्हाई मोजली. मी तर दोनी न्हाई." तेव्हापासून मी कुठल्याही कामाच्या जागेवर जाताना गाडी लांब उभी करते.

निवडणुकीत ताई पडल्या. त्या गावानं तर त्यांना हातच दिला नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी घरी गेले, तर मेथी निवडत बसल्या होत्या. मी डोळे पुसायला लागले तशा खेकसल्या, "रडतीस काय? स्लॅब पडला का खोलीचा? तेवढं सांग."

खोली झाली. उद्घाटनाच्या पत्रिकेत ताईंचं नाव नव्हतं. वस्तीतल्या बायका टेम्पो करून त्यांना घेऊन आल्या. नव्या आमदारांनी फीत कापली, भाषणं झाली, गाड्या गेल्या. ताई सगळा वेळ मागच्या बाकावर पोरींमध्ये बसून होत्या. गर्दी पांगल्यावर सरपंच आले. टोपी हातात, बरोबर दहावीतली नात.

"ताई, हिला घरी अभ्यास हुत न्हाई. सारखी पाव्हण्यारावळ्यांची ये-जा. हितं यायचं म्हनती. चालंल का?"

"मला काय इचारता?" ताई म्हणाल्या. "जागा मंदाबाईंनी दिलीय. त्यांना इचारा."

सरपंच वळले. मंदाबाई दाराशी सतरंजी झटकत होत्या. ते त्यांच्याजवळ गेले आणि साऱ्या वस्तीसमोर त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी आवाजात जरब नव्हती.

मंदाबाईंनी सतरंजीची घडी पुरी केली.

"पाठवा की. पर एकटी नका पाठवू. पारापाशी तुमी सोता उभं ऱ्हावा, गावातल्या समद्याच पोरी हितं येऊस्तोर."

सरपंचांनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीला ते पारापाशी उभे राहू लागले.