भुकटीला पाणी लागू नये

मी स्वभावानेच संशयी. नवरा म्हणायचा, "तुह्या डोळ्यात पोलीस बसले हायत." म्हणू दे. आदिलाबादकडे, गुडीहत्नूरच्या पुढे ज्या गावात मी मराठी शाळेवर शिकवायचे आणि ज्या घरात भाड्याने राहायचे, तिथे संशय न घेता कुणी राहून दाखवावं.

घरमालकीण वाईट होती असं नाही, तीच तर पंचाईत होती. कापूस-ज्वारीवाल्या घरातली बाई, हात सढळ. अंबाडीची भाजी, हुरडा, लिंबं, काहीतरी घेऊन रोज दारात उभी. मला ताप आला तेव्हा ती दिवसभर उशाशी बसली. पण आमच्या खोलीत तिने कधी घोटभर पाणी घेतलं नाही. चहा टाकला की म्हणायची, "आत्ताच झाला जी." सरबत केलं की घसा धरलेला. बाकी दिवशी उपास. आम्ही बौद्ध. माझ्या बापाच्या पिढीपर्यंत आम्ही याच लोकांच्या शेतात राबलो. आता मी मास्तरीण आणि नवरा मंडल ऑफिसात कारकून, एवढाच फरक. कुठेतरी पाणी मुरत होतं.

"असंल बाईले उपास," नवरा म्हणायचा.

"आठवड्याचे सातही वार?"

मला तिच्याकडून दुसरं काही नको होतं. तिने एकदा माझ्या हातचं प्यावं आणि मी ते बघावं, बस्स. वेडेपणा म्हणा, पण त्या एका घोटावाचून मला तिची सगळी माया खोटी वाटायची.

नव्वद साल सरत आलं होतं. नाताळच्या सुट्टीत मी भावाकडे बेल्लमपल्लीला गेले. तो कोळशाच्या खाणीत कामाला होता. त्याच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये एक मल्याळी नर्स राहायची. सणाला ती घरोघरी एक तपकिरी भुकटी बाटलीत भरून वाटायची. गरम दुधात दोन चमचे घातले की चॉकलेटचं दूध तयार. दुधाची पावडर, पिठीसाखर आणि कोको, इतकंच सामान. वासाला कधी वेलदोडा, कधी सुंठ. मी कृती विचारून घेतली, येताना आदिलाबादच्या बेकरीच्या दुकानातून कोको घेतला आणि नव्या वर्षाला शाळेतल्या सगळ्यांसाठी बाटल्या भरल्या.

एक बाटली घरमालकिणीला दिली, ती मात्र परीक्षा म्हणून. लहानपणी पाहिलेलं माझ्या लक्षात होतं. आमच्या हातची ज्वारी लोक पोत्याने घेत आणि भाकरी मात्र नको म्हणत. कोरड्याला विटाळ नसतो. तर म्हटलं, भुकटी कोरडीच आहे, दूध तिचं, चूल तिची. बघू आता काय कारण काढते.

तिने बाटली घेतली, अगदी हसत घेतली. संक्रांतीला तिची लेक माहेरी आली होती, तिने चार दिवसांत बाटली संपवली. मालकीण स्वतः प्यायली का? विचारलं तर म्हणाली, "पोरीनं ठिवलंच नाही." खरंही असेल. माझा काही विश्वास बसला नाही.

लेकीचं सासर किनवटकडे. तिला परत पाठवायच्या आदल्या दिवशी मालकीण माझ्याकडे आली. "मास्तरीणबाई, पोरीसंगं सासरी द्यायले पाच-सहा बाटल्या करून द्या ना. सामान मी आणलं. माह्याच घरात बसू, मले बी शिकवा."

दुपारी तिच्या मधल्या घरात आम्ही चादर अंथरून बसलो. लेक बांगड्या भरायला गेली होती. मी आधीच बजावून ठेवलं, भुकटीला पाणी लागू नये. एक थेंब जरी पडला तरी गाठी होतात, मग बाटली नासते. हात, परात, चमचे सगळं कोरडं पाहिजे. तिने तो नियम इतका मनावर घेतला की माझं डोकं फिरलं. मी उठले की, "माठाकडे नका जाऊ जी, थेंब लागंल." पाण्याची घागर तिने उचलून आत नेली. आता हे भुकटीसाठी की माझ्यासाठी? नियम मीच शिकवलेला, भांडायचं कुणाशी!

साखर चाळून झाली, कोको मिसळला. तीन बाटल्यांना वेलदोडा, दोनला सुंठ, उरलेल्या भुकटीत मी जायफळ किसलं. कोकोने घसा सुकला होता. मी पाणी मागितलं.

ती तांब्या घेऊन आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. "हात वले करू नका. तोंड वर करा, मी वरतून सोडते."

माझी आई विहिरीवर ओंजळ धरून उभी राहायची, आणि कुणीतरी वरून पाणी सोडायचं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "वरतून काऊन?"

"तुमीच तं म्हनल्या, पाणी लागू नये म्हून!"

मी पाणी प्यायले नाही. म्हटलं, चव बघायला हवी, दूध तापवा. तिने एकच कप भरून आणला आणि माझ्यापुढे ठेवला.

"तुमचा कुठाय?"

"मले आज चतुर्थी हाय."

"दूध-साखर चालते की उपासाले."

"ते काळं चालते का नाही, कोणाले मालूम?"

"झाडाचं फळ हाय ते," मी म्हटलं. अर्धं दूध बशीत ओतलं, बशी तिच्याकडे सरकवली आणि माझा कप हातात धरून बसून राहिले. मीही हट्टाला पेटले होते.

तिने उघड्या दाराकडे पाहिलं. मग हळू म्हणाली, "मले काई नाही व बाई. पन कोनी पाह्यलं, पोरीच्या सासरी कळलं, तं ते पोरीले मायेरी धाडनार नाहीत."

"अन् ह्या बाटल्या? ह्या बी माह्याच हातच्या हायत."

"ते त्याहिले कुठं मालूम हाय?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि जराशी लबाडीही.

ती उठली. दार लोटलं, कडी लावली आणि परत येऊन बसली. बशी दोन्ही हातांनी उचलून तिने ते दूध शेवटपर्यंत प्यायलं.

इतके दिवस ज्यासाठी टपले होते ते मी बघितलं. आनंद व्हायला हवा होता, पण मला तिचा राग आला, आणि तिची दयाही आली.

तिने पदराने तोंड पुसलं आणि चेहरा माझ्यापुढे धरला. "पाहा बरं, ओठाले लागलं का काई?"

वरच्या ओठावर तपकिरी रेघ राहिली होती. मी माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि ती पुसून टाकली, नीट, कुणाला दिसू नये अशी. मग तिने कडी काढली.