झुरळांनी भरलेला राउटर

हे वाचून हसणार असाल तर खुशाल हसा. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या जिन्यात कुणी लिंबू-मिरची उतरवून टाकली, तर ती पायाने बाजूला सारून टाकणाऱ्याला चार शिव्या घालणारी मी. मला भीती वाटत नाही... किळस वाटते. त्यातही झुरळांची सगळ्यात जास्त.

भांडुप पश्चिम, चौथा मजला, वन बीएचके. सासूबाईंना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. त्यांचं सगळं पलंगावरच, आणि सगळं माझ्याच हातून. नणंद वैशू कॅनडात. ती गेली तेव्हा आम्ही सायबर कॅफेत तासाच्या हिशोबाने बसून तिला मेल करायचो. मग टेलिफोनच्या तारेवरचं रडकं नेट आलं, मग केबलवाल्याने खिडकीतून ओढलेली वायर, मग वाय-फाय. पुढे सगळ्यांच्या मोबाईलमध्येच नेट आलं आणि राउटर फक्त आईंच्या टॅबपुरता उरला. त्यात सिम नव्हतं ना. रोज संध्याकाळी वैशूचा व्हिडिओ कॉल यायचा. "वहिनी, दार लोटून घे ना, आईशी जरा एकटीने बोलते," म्हणायची. मी दार लोटून चपात्या लाटायला घ्यायचे. मला वाटायचं, ही बोलते आणि आई ऐकतात.

शिमग्यानंतर आई गेल्या. तेरावं झाल्यावर नवरा म्हणाला, ते कनेक्शन आता बंद करून टाक. कंपनीचा माणूस राउटर न्यायला आला. त्याने तो हलवला तर आत काहीतरी खुळखुळलं. झाकण उघडलं आणि — शी. झुरळंच झुरळं. मेलेली, अर्धमेली, त्यांची अंडी, काळी घाण, आणि तो आंबूस वास. आत गरम असतं म्हणून घर करतात म्हणे. दोन तर माझ्या हातावर चढली. साबण लावून लावून हात धुतले, तरी त्या रात्री घास उतरला नाही.

"वहिनी, हा तर आतून जळलाय," तो म्हणाला. मग फोनमध्ये बघून, "आणि लाइन दिवाळीपासून बंद दाखवतेय. कम्प्लेंट नाही केली?"

कशी करणार? रोज कॉल तर लागत होता.

मी वैशूला फोन लावला. "अगं, पिक्चर एकदम क्लिअर असायचं," ती म्हणाली. "आणि वहिनी... आई बोलायची माझ्याशी."

"काहीतरीच काय? त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता."

"दिवाळीनंतर बोलायला लागली. दादाला सांगितलंस तर परत बोलणार नाही म्हणाली, म्हणून मी गप्प बसले."

"काय बोलायच्या?"

"तुझ्याबद्दलच जास्त." वैशू रडायला लागली. "आपल्या मालवणीत म्हणायची, 'माजा सगळा ता करता. मगे मोरीत जाऊन ओकता, नि तोंड धुवन हसत येता. तिका सांग, माज्यासमोर उगाच हसू नको.' मला तुला सांगायची लाज वाटली गं."

जळलेल्या डब्यातून, बंद लाइनवरून मुकी बाई बोलली, असं मी कुणाला सांगू? मला तरी याचा अर्थ लागलेला नाही. तुम्हाला लागला तर कळवा. फक्त एक लक्षात घ्या... मी मोरीत जायचे तेव्हा कडी लावून नळ पूर्ण सोडायचे. नवऱ्यालासुद्धा आजपर्यंत पत्ता नाही.