भुईकाट्यावरचं शून्य

मी मुळातच भित्रा माणूस. वीज कडाडली की मी सगळ्यात आतल्या खोलीत सापडतो, आणि घरात हे इतकं माहीत आहे की आता कुणी हसतसुद्धा नाही. पण गेल्या पावसाळ्यात जो घाबरलो तसा जन्मात घाबरलो नव्हतो. माझी एकुलती एक पोर ग्रीनलंडला बर्फाच्या काठावर गेली होती आणि ठरलेल्या दिवशी तिचा फोन आला नाही.

ती तिथे काय करते हे सांगायचं तर आधी माझा धंदा सांगावा लागेल. धुळे जिल्ह्यात नरडाण्याला, कारखान्यांकडे वळणाऱ्या रस्त्यावर माझा भुईकाटा आहे. जमिनीत बसवलेला, ट्रक तोलायचा काटा. भरलेली गाडी लोखंडी पाट्यावर चढते, खोलीतल्या पडद्यावर आकडा येतो, मी पावती फाडतो. गाडी उतरली की आकडा शून्यावर. तो शून्यावर आला नाही तर समजायचं की पाट्याच्या फटीत चिखल नाहीतर दगड अडकलाय, आणि बांबू घेऊन पाट्याखालच्या खड्ड्यात उतरायचं.

पोर लहान असताना शाळा सुटली की थेट काट्यावर यायची. एकदा तिने विचारलं, काट्याला वजन कळतं कसं? मी सांगितलं, पाट्याखालचं लोखंड गाडीच्या भाराने केसभर दबतं. जितकं दबलं तितकं वजन. गाडी गेली की ते परत वर येतं. आयुष्यात मी कुणाला शिकवलेली ही एवढीच गोष्ट, आणि पोरीने ती भलतीच मनावर घेतली. मग ती स्वतः पाट्याच्या मधोमध जाऊन उभी राहायची. ट्रकांचा काटा तो, इवल्याशा पोरीचं वजन त्याच्या गावीही नसायचं. पडद्यावर शून्य. ती उड्या मारायची, दप्तर डोक्यावर घ्यायची, तरी शून्य. मग खिडकीशी येऊन रागाने म्हणायची, "मी आठे शे ना, मंग शून्य कसं?" आपण इथे उभ्या असताना शून्य, हे तिला पटायचंच नाही.

पुढे ती धुळ्याला शिकली, मग पुण्याला, मग पार परदेशात. सुट्टीत आली तेव्हा तिने मला तिचं काम समजावलं. ग्रीनलंडवर बर्फाचा थर आहे, काही ठिकाणी आपल्या सातपुड्याच्या उंचीपेक्षाही जाड. त्याच्या ओझ्याखाली तिथली जमीन दबलेली आहे. बर्फ वितळून समुद्रात गेला की ओझं कमी होतं आणि खडक वर येतो. काठावरच्या उघड्या खडकात ही माणसं यंत्रं रोवतात, खडक किती उचलला ते मोजतात, आणि त्यावरून किती बर्फ गेला त्याचा हिशोब काढतात. "आबा, मीबी भुईकाटाच चालाडस," ती म्हणाली. तिच्या आईने कौतुकाने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मला मात्र भीतीच वाटली. जमीन हलत नाही, याच भरवशावर माझा काटा उभा होता. पोर पुढे म्हणाली की एवढ्या लांब कशाला जायचं, पावसाळ्यात मातीत आणि धरणांत पाणी भरलं की आपल्या खानदेशची जमीनसुद्धा त्या भाराने जराशी खाली जाते, उन्हाळ्यात पुन्हा वर येते. अगदी थोडी, आपल्याला कळतही नाही. लोक पायाखालची जमीन सरकली असं म्हणतात ते बोलायला. माझ्या पोरीने चहा पिता पिता माझी खरोखरची सरकवली. दुसऱ्या दिवशी मी बॅटरी घेऊन खड्ड्यात उतरलो आणि पायाच्या काँक्रीटला तडे गेलेत का ते पाहत बसलो. तडे नव्हते. तरी धीर आला नाही.

तर गेल्या पावसाळ्यात, तिकडे तेव्हा उन्हाळा असतो, ती दोघा सोबत्यांबरोबर हेलिकॉप्टरने अशाच एका खडकावर गेली. यंत्राच्या बॅटऱ्या बदलायच्या आणि संध्याकाळी वस्तीवर परतायचं. परतले की फोन करते म्हणाली होती. संध्याकाळ झाली, दुसरा दिवस उजाडला, फोन नाही. मी तिच्या नंबरावर लावत राहिलो. एक बाई परक्या भाषेत काहीतरी सांगायची आणि फोन कटायचा. ती बाई काय सांगते ते कळत नव्हतं, आणि माझ्या मनाने त्याचे नको नको ते अर्थ लावले.

बायकोला मी सांगितलं की फोन येऊन गेला, तू मळ्यात गेली होतीस तेव्हा. तिने भाकरी थापता थापता माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही खोटं बोली राहिनात," ती म्हणाली, आणि पुढची भाकरी थापायला घेतली. ती करपली. आमच्या घरात भाकरी करपत नाही.

मी काट्यावर जाऊन बसलो. घरी बसवत नव्हतं. खताच्या गाड्या येत होत्या, भंगाराच्या येत होत्या. एका ड्रायव्हरला दुसऱ्याची पावती दिली आणि त्याच्या शिव्या खाल्ल्या. गाडी चढली की मला बरं वाटायचं, पडद्यावर काहीतरी असायचं. गाडी उतरली की शून्य. इतकी वर्षं मी त्या शून्याची वाट बघत आलो, ते नीट आलं म्हणजे काटा खरा. त्या दिवशी मला ते बघवेना. मी पडद्यावर रुमाल टाकला. पुढची गाडी पाट्यावर येऊन हॉर्न वाजवायला लागली तेव्हा काढला.

फोन आला तेव्हा सिमेंटची गाडी पाट्यावर उभी होती. पोर म्हणाली, धुकं उतरलं, हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही, खडकावरून फोन लागत नाही, पण तंबू होता, खायला होतं, काही झालं नाही. माझ्या जिवात जीव आला आणि लगेच संताप आला. मी तिला वाटेल ते बोललो. ती ऐकत राहिली, आणि मी दम घ्यायला थांबलो तेव्हा हरखून सांगायला लागली की तो खडक त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वर आलाय. म्हणजे बर्फही तितका जास्त गेलाय. तिचा आवाज खुशीत होता, आणि मग एकदम खाली आला. त्या बातमीत खूश होण्यासारखं काही नाही हे तिलाही कळलं असावं.

मी काटेवाला, काटेवाल्याचाच प्रश्न विचारला. ओझं गेल्यावर तिथली जमीन शून्यावर कधी येते? ती म्हणाली, थोडी लगेच उठते, पण बाकीची हजारो वर्षं उठत राहते. पार जुन्या काळी जो बर्फ गेला, त्याच्याखालची जमीन अजूनही पूर्ण वर आलेली नाही. सिमेंटवाला खिडकीवर टकटक करत होता, फोन कानाला तसाच धरून मी त्याची पावती फाडली.

दिवाळीला ती आली. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा त्याच खडकावर जायचंय हे तिने जेवताना, ताटाकडे बघत सांगितलं. तिची आई उठून आत गेली. मी जाऊ नको म्हणालो नाही. म्हणून उपयोग नव्हता, आणि कुणीतरी मोजलं पाहिजे हे मलाही कळत होतं. पण कळण्याने भीती कमी होत नाही, माझी तरी झाली नाही.

निघायच्या दिवशी धुळ्याकडे जाणारी रिक्षा काट्यासमोर थांबवली होती. सामान चढलं. पोर मात्र रिक्षाकडे न जाता पाट्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि लहानपणीसारखी ओरडली, "आबा, देखा बरं, आते तरी दिसस का मी?"

मी पडद्याकडे पाहिलं. पन्नास किलो. काटा आता नवा आहे, माणूस उभा राहिला तरी दाखवतो. माझी पोर, लाल आकड्यांत, माझ्यासमोर. ती उतरली की तिथे काय येणार हे मला माहीत होतं. काटा खरा होता, तो लगेच शून्यावर आला असता. रिक्षावाला घाई करत होता. तिने एक पाय पुढे टाकला तसा आकडा हलायला लागला, आणि मी खिडकीतून हात बाहेर काढला.

"उतरू नको बेटा," मी म्हणालो. "थांब जरासी."