चंद्राबाईंची बांगडी

परवा वैद्यकीय परिषदेत एक विद्यार्थिनी आपल्या पोस्टरसमोर उभी राहून व्हिडिओ कॉलवर बोलत होती.

"मावशी, हे बघा, माझ्या नावाआधी तुमचं नाव."

पलीकडे तिच्या आरोग्य शिबिराच्या गावातल्या आरोग्यसेविका आशाताई होत्या. "अगं, डॉक्टर तू का मी? खोड ते," म्हणत त्या पदराआड हसत होत्या.

मीही हसलो. शिबिराला आपण द्यायला जातो म्हणतो, पण पिशवी भरून परततो आपणच. माझ्या तरुणपणीच्या शिबिरातल्या सुईण चंद्राबाई कनवटीला एक छोटी बांगडी ठेवत. ती मुलाच्या कोपरावरून दंडावर सहज चढली, की मूल अशक्त. त्यावर मी परिषदेत शोधनिबंध वाचला, टाळ्या घेतल्या. चंद्राबाईंचं नाव कुठंच नव्हतं. अजूनही सगळे त्या तपासणीला 'सरांची बांगडी' म्हणतात.

समारोपात मला बोलायला उभं केलं, तेव्हा पहिल्यांदाच सांगितलं, "ती बांगडी माझी नव्हे, चंद्राबाईंची."

मग तीच मुलगी म्हणाली, "सर, पूर्ण नाव सांगा ना, लिहून घेते."

मी सांगितलं, सावकाश, नवऱ्याच्या नावासकट. समोर कितीतरी माना खाली झुकल्या होत्या आणि पेनं चालली होती.