बेवारसांची टाइपिस्ट

टायपिंगच्या परीक्षेत ती पहिली आली आणि पहिली नेमणूक मिळाली ती मोठ्या इस्पितळाच्या शवागारात. घरी सासूनं कपाळाला हात लावला. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, स्वभावानं थंड. तो म्हणाला, "जिवंत साहेबांपेक्षा बरे. निदान चुका तरी काढणार नाहीत."

कचेरी म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला तिचं टेबल, दुसऱ्या टोकाला जाड रबरी पट्ट्यांचं दार, आणि दाराआड थंडगार फरशी. तिचं काम बेवारस प्रेतांचे फॉर्म टाइप करण्याचं. एक मूळ आणि चार कार्बन प्रती. प्रती पोलीस चौक्यांना जायच्या, मूळ कागद फाटकाजवळच्या फलकावर लागायचा. वय अंदाजे, उंची, बांधा, अंगावरचे कपडे, आणि अगदी खाली ओळखीच्या खुणा. फोटो काढणारा माणूस निवृत्त झाला होता आणि त्याची जागा कुणी भरली नव्हती. सात दिवसांत कुणी आलं नाही, तर प्रेत गावाबाहेर नेऊन पुरायचं आणि तिथं नंबराची पट्टी ठोकायची.

खुणा तिला सांगायचा आतला कामगार. त्याला सगळे मामा म्हणत. तो दारातूनच ओरडायचा, "बाई, पुरुष, पन्नाशीचा, हातावर गोंदण!" ती टाइप करायची: हातावर गोंदण आहे.

दुपारी डबा खाताना तिला खिडकीतून फलक दिसायचा. हरवलेल्यांची माणसं तिथं येत. त्यांतल्या निम्म्यांना वाचता येत नसे. ती येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून विचारत, "यात काय लिहिलंय, दादा?" तो वाचे, "गोंदण आहे." "कसलं?" "ते नाही लिहिलेलं." मग ती माणसं तशीच कागदाकडं बघत उभी राहत, जणू आणखी थोडं बघितलं तर कागद बोलेल.

एक दिवस ती जेवण अर्धं टाकून उठली.

टायपिंगच्या वर्गात नवशिक्यांची बोटं वळावीत म्हणून मास्तर चित्रं काढून घ्यायचे. आधी चौकटींच्या कागदावर आकृती काढायची. मग एकेका ओळीतल्या चौकटी मोजायच्या, रिकाम्या तेवढ्या जागा सोडायच्या, भरलेल्या तेवढ्या फुल्या मारायच्या. टिंब फिकं उमटतं, फुली गडद. कंसानं गोलाई येते, तिरक्या रेघेनं उतार. ओळ संपली की रूळ अर्धाच फिरवायचा, म्हणजे चित्र विस्कटत नाही. तिनं तेव्हा एक किटली काढली होती आणि मास्तरांनी ती भिंतीवर लावली होती.

आता ती पहिल्यांदाच रबरी पट्ट्या बाजूला सारून आत गेली. मामा म्हणाला, "बाई, तुमचं काम बाहेर." ती म्हणाली, "हात दाखवा." म्हाताऱ्या हातावर शेपटी तुटलेला पक्षी होता. तिनं तो चौकटींवर उतरवला, बाहेर येऊन फॉर्मच्या तळाशी टाइप केला. चार कागद वाया गेले, पाचव्या खेपेला पक्षी जमला. टेबलापासून सहा पावलं मागं जाऊन, डोळे बारीक करून तिनं बघितलं. शेपटी तुटलेलीच दिसत होती.

त्या पक्ष्याला कुणी आलं नाही. पण पुढच्या दोन महिन्यांत तिघांना माणसं येऊन घेऊन गेली. एकाची ओळख कोटाच्या ठिगळावरून पटली, एकीची अंगठीवरून, एकाची हनुवटीवरच्या व्रणावरून. साहेबांनी बोलावून घेतलं. "हा सरकारी कागद आहे, बाई. भरतकामाचा रुमाल नाही." तिनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी कानातल्या डुलांची जोडी टाइप केली. घरी नवऱ्यानं स्वतःचं डोळ्याला लावायचं भिंग तिला दिलं. एवढी बारीक नजर लागते म्हटल्यावर त्याला बायकोचं काम आपल्या धंद्यातलंच वाटू लागलं होतं.

मग विंचवाचा कागद लागला. तरुण मुलगा, मनगटावर गोंदलेला विंचू, नांगी उलट्या बाजूला वळलेली. तिसऱ्याच दिवशी एका इस्त्रीवालीनं फलकावरच्या विंचवावर बोट ठेवलं. मुलगा तिचाच होता. चार वर्षांपूर्वी भांडून घरातून गेला होता. ती प्रेत घेऊन गेली.

आठ दिवसांनी ती परत आली, थेट टेबलाशी.

"तूच का गं ती चित्रं काढणारी?"

"हो. बसा ना."

"बसायला नाही आले. चार वर्षं माझा मुलगा कुठं तरी होता. कधी रुसलेला, कधी मोठ्या कामावर, कधी लग्न करून बसलेला. रोज कपड्यांना इस्त्री करता करता मी त्याला नवं घर देत होते. तू एका कागदात मारून टाकलंस त्याला."

"पण तुम्हाला कळायला हवंच होतं ना..."

"मी विचारलं होतं का तुला?"

इस्त्रीवाली गेली. टाइपिस्टनं मशीनमधला अर्धवट टाइप झालेला कागद ओढून काढला, नवा घातला, आणि खुणांच्या जागी लिहिलं: गोंदण आहे.

त्यानंतर तिनं चित्र काढलं नाही. मामानं दोनदा विचारलं, मग तोही पुन्हा दारातूनच ओरडू लागला. साहेब खूश झाले. असे तीन महिने गेले.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी एक म्हातारा आत आला. नदीवर होडी चालवायचा. हात खरखरीत, डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. दर सोमवारी दोन बस बदलून तो फलक बघायला यायचा, हे फाटकावरच्या पहारेकऱ्यानं नंतर सांगितलं.

"पोरी, माझी मुलगी हरवलीय. तिच्या हातावर होडी आहे. सात वर्षांची असताना मीच गोंदवून आणली होती. फार रडली होती."

तिनं नोंदवही उघडून वाचून दाखवलं. स्त्री, तीसच्या आसपास, निळा झगा, पाण्यातून काढलेली. ओळखीच्या खुणा: उजव्या हातावर गोंदण आहे. पुरून सतरा दिवस झाले होते. तिनं मामाला हाक मारून विचारलं, गोंदण कसलं होतं. मामा दारात आला, म्हाताऱ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "होडीच होती."

म्हातारा म्हणाला, "हा कागद लागलेला असताना मी इथं उभा होतो. वाचून दाखवला मला. गोंदण आहे म्हणाले. गोंदण काय, कुणाच्याही हातावर असतं."

ती गप्प राहिली असती तर त्याला कधी कळलं नसतं. पण तिला राहवलं नाही. "बाबा, मी आधी चित्रं काढायची. मग बंद केली. माझ्यामुळं तुमची मुलगी अशी बेवारस पुरली गेली."

"का बंद केलीस?"

"एका आईला फार त्रास झाला."

म्हातारा तिच्या मशीनजवळ आला. मग म्हणाला, "आता काढ."

मामानं आठवून सांगितलं, तिनं टाइप केलं. म्हाताऱ्यानं कागद हातात घेऊन लांब धरला. "शीड असं नाही. वारा इकडून आहे." तिनं दुसरा कागद घातला. "होडीची पुढची नाळ एवढी उंच नव्हती." तिसरा. सहाव्या कागदाला तो काही बोलला नाही. घडी पडू नये म्हणून त्यानं कागदाची सुरळी केली, दोरीनं बांधली आणि दफनभूमीचा पत्ता विचारून निघून गेला. तिला माफ केलं असं काही म्हणाला नाही. पुन्हा कधी आलाही नाही.

घरी त्या दिवशी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. "इस्त्रीवाली खरी, की हा?"

नवरा उघड्या घड्याळावरून नजर न काढता म्हणाला, "दोघंही. म्हणून तर तुझं काम वाईट आहे."

दुसऱ्या दिवसापासून चित्रं पुन्हा सुरू झाली आणि ती निवृत्त होईपर्यंत थांबली नाहीत. सेवापुस्तकात दोन शेरे बसले. मशीन जाऊन कॉम्प्युटर आला, तिनं त्याच्या कीबोर्डवरही फुल्या आणि टिंबंच मारली. काही माणसं येऊन पाया पडायला वाकायची, काही शिव्या घालायची. बहुतेक कागदांना कुणीच यायचं नाही. इस्त्रीवाली रस्त्यात दिसली की टाइपिस्ट पलीकडच्या बाजूला जायची. एकदा मात्र वाट अरुंद होती. दोघी एकमेकींना घासून गेल्या आणि दोघींनीही मान वर केली नाही.

ती निवृत्त झाली त्याच वर्षी शवागाराला कॅमेरा मिळाला. फलकावर चेहरे लागू लागले. पण पाण्यात राहिलेला चेहरा कुणाचाच राहत नाही. माणसं एक नजर टाकून तोंड फिरवायची, खुणांपर्यंत पोहोचायचीच नाहीत. एक बाप स्वतःच्या मुलाच्या फोटोसमोरून दोनदा गेला आणि त्याला ओळखू आलं नाही. तेव्हा नव्या टाइपिस्टनं तिच्या घरचा पत्ता शोधून काढला.

"मावशी, शिकवाल का? मला चित्रकलेतलं काही येत नाही."

"चित्रकला नकोच," ती म्हणाली. "मोजता येतं ना?"

नवरा तोवर गेला होता, सासूही. घरात कुणी अडवणारं नव्हतं, वाट बघणारंही नव्हतं. ती दर गुरुवारी इस्पितळात जाऊ लागली. पहिल्या दिवशी ती नवी मुलगी म्हणाली, "फुलापासून सुरुवात करू या का?"

"नको. आत कोण आलंय?"

"एक म्हातारी. अंगावर खूण काहीच नाही. फक्त स्वेटरचं एक बटण वेगळं आहे. बाकी गोल, हे चौकोनी."

"मग तेच," ती म्हणाली, आणि चौकटींचा कागद मुलीपुढं सरकवला. "भोकं किती आहेत, आत जाऊन मोजून ये."